कोणास विचारले, कसे विचारले?

परभणी लोकसभा मतदारसंघात परभणी, जिंतूर, गंगाखेड व पाथरी या विधानसभा क्षेत्रांखेरीज जालना जिल्ह्यातील परतूर आणि घनसावंगी हीही मोडतात; तेव्हा जो सर्वेक्षक परभणीच्या मोंढ्यात उभा राहून जनमत अजमावील, त्याच्या हाती मतदारसंघाचा कौल न लागता, त्या दिवशी कामानिमित्त शहरात आलेल्यांचा, आणि तोही बहुशः पुरुषांचाच, कल लागेल. केवळ संख्या वाढविल्याने या दोषाचे निवारण होत नाही. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने प्रामुख्याने टेलिफोनधारक व मोटारमालक यांच्या याद्यांवरून सुमारे १ कोटी मतपत्रिका धाडल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या, आणि तरीही अध्यक्षीय निवडणुकीत त्याने विजयी ठरविलेले उमेदवार लँडन ४८ पैकी ४६ राज्यांत रूझवेल्ट यांच्याकडून पराभूत झाले.

शब्दयोजनाही तितकीच प्रभावी. ‘सोयाबीनचे भाव गडगडले असता आपण विद्यमान खासदारांस पुन्हा मत द्याल काय?’ या पृच्छेत नकाराची तजवीज आधीच झालेली असते. ‘आज मतदान झाल्यास आपण कोणास मत द्याल?’ असे पुसून, उमेदवारांच्या नावांचा क्रम दरवेळी पालटला, तरच उत्तर मतदाराचे राहते. त्यातही पारावर चारचौघांदेखत दिलेले उत्तर निराळे, एकांतातले निराळे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अनेक मतदानोत्तर चाचण्यांनी महाराष्ट्रात महायुतीस झुकते माप दिले. ४ जूनच्या निकालात मात्र महाविकास आघाडीस ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, आणि परभणीत आघाडीचे संजय जाधव यांनी महायुतीचे महादेव जानकर यांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. सबब आकडा वाचण्यापूर्वी प्रश्नावली, नमुन्याची निवड आणि सर्वेक्षणाचा खर्च करणारा, या तिन्हींची चौकशी करावी.