मोझार्टने बदलला एक स्वर

घरी किंवा शाळेत बाजाची पेटी असेल तर तिच्यावर पांढरी तीन, पांढरी पाच आणि पांढरी सात या पट्ट्या एकदम दाबा. मेळ किंचित उदास वाटतो ना? आता फक्त मधले बोट पांढरी पाचवरून उचलून तिच्या उजवीकडच्या काळी चारवर ठेवा. एकदम उजाडल्यासारखे वाटेल!

हाच बदल मोझार्टने व्हायोलिन आणि पियानोसाठी रचलेल्या ई मायनर सोनाटात (के. 304, साल 1778) केला आहे. सोनाटा म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना. या सोनाटाला दोनच भाग आहेत. आपण दुसरा पाहू.

त्याच्या माथ्यावर लिहिले आहे, ‘टेम्पो दी मेनुएत्तो’, म्हणजे मिन्युएट नाचाची लय. मिन्युएट हा तीन मात्रांचा, डौलदार दरबारी नाच. मिनिटाला किती मात्रा, हा आकडा मात्र तेथे नाही. असणार तरी कसा? मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले 1815 मध्ये आणि मोझार्ट वारला 1791 मध्ये! लय वादकानेच ठरवायची. तुम्ही ती लंबकाने मोजू शकता. दोऱ्याला दगड बांधा. 25 सें.मी. लांबीचा लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सुमारे अर्ध्या सेकंदात जातो, म्हणजे मिनिटाला 120 मात्रा. लांबी 44 सें.मी. केली की सुमारे 90.

आता स्वर. ‘ई’ म्हणजे आपली पांढरी तीन. तिची कंपने सेकंदाला 330 धरू. शुद्ध गुणोत्तरांनी मायनर मेळाचे स्वर येतात 330, 396 आणि 495, म्हणजे 10:12:15. मेजर मेळाचे येतात 330, 412.5 आणि 495, म्हणजे 4:5:6. (पेटीवर व पियानोवर हे आकडे थोडे सरकतात.) आपल्या भाषेत सांगायचे तर कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार आला.

या भागाच्या मध्यावर मोझार्ट ई मायनरमधून ई मेजरमध्ये जातो. गंमत पाहा : लय तीच, आधारस्वर तोच, वाद्येही तीच. प्रयोगशाळेत आपण बाकी सारे स्थिर ठेवून एकच राशी बदलतो, जवळजवळ तसेच हे झाले. हुरहुर शमते आणि शांत, कोवळे सूर ऐकू येतात. पण शेवट पुन्हा मायनरमध्येच होतो.

मग कोमल गंधार म्हणजे दुःख असे म्हणावे काय? जरा थांबा. काफी रागातही गंधार कोमलच असतो आणि त्यात होळीच्या रंगाची गाणी गातात! ‘उदास’ हा शब्द गुणोत्तरात कोठेच नाही. त्याला लय, चाल आणि ऐकणाऱ्याची सवय यांची जोड लागते.

3 जुलै 1778 रोजी पॅरिसमध्ये मोझार्टची आई वारली. तो तिच्याजवळ होता. त्याच वर्षीचा हा सोनाटा ऐकताना ते आठवतेच. पण दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

तुम्ही एक करा. पाच मित्रांना डोळे मिटायला सांगून दोन्ही मेळ ऐकवा आणि प्रत्येकाला काय वाटले ते लिहून ठेवा. उत्तरे सारखीच येतात का?