हलगी, वाकळ आणि दहा बाय दहाची खोली

आजऱ्यासारख्या पावसाच्या गावात हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. वाजवणारा चार काटक्या पेटवतो, कडं हातात धरून चामडं जाळावर फिरवतो, मधूनच बोटानं टकटक करून बघतो आणि खणखणीत आवाज आला की मगच उठतो. घरच्या घरी तालवाद्य रेकॉर्ड करू पाहणाऱ्यानं आपली पहिली शिकवणी या जाळाजवळ घ्यावी. आज लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि दोन माइक एवढ्यावर घरात स्टुडिओ उभा राहतो. पण तालवाद्याचा आवाज चांगला येणार की नाही, हे चामडं, अंतर आणि खोली या तीन गोष्टींवर ठरतं. सॉफ्टवेअरची पाळी त्यानंतर येते.

आधी चामड्याचं बघू. ताणलेल्या चामड्याचा सूर त्याच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो-उतरतो. ताण निम्मा झाला तर कंपनसंख्या सुमारे 71 टक्क्यांवर येते, म्हणजे सूर तब्बल सहा अर्धस्वर खाली बसतो. दमट हवेत चामडं पाणी पितं. त्यानं ते सैल पडतं आणि जडही होतं, आणि दोन्ही गोष्टी सूर खालीच ओढतात. शेकल्यावर पाणी उडतं, ताण परततो. पण जून-जुलैच्या हवेत तो फार वेळ टिकत नाही. म्हणून एका दमात वाजवलेलं आणि तासाभरानं वाजवलेलं कापून जोडलं, तर सांधा कानाला लगेच कळतो. यावर उपाय जुनाच आहे: प्रत्येक टेकच्या आधी शेकायचं, आणि पहिल्या टेकमधला एक ठोका ऐकून त्याच्याशी सूर जुळवायचा.

ढोलकीची गोष्ट वेगळी. साध्या गोल पडद्याची कंपनं 1, 1.59, 2.14, 2.30 अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात, त्यामुळे हलगीला ठाम सूर नसतो, तिला असते ती धार. चामड्यावर मधोमध शाईचा थर दिला की हे चित्र बदलतं. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडलं. पुढं 1934 च्या निबंधात रामन यांनी कंप पावणाऱ्या चामड्यावर वाळू पसरून तिच्या आकृत्यांवरून दाखवलं, की शाईमुळे नऊ कंपनप्रकार एकत्र येऊन पहिल्या पाच सुसंवादी स्वरांत बसतात. मृदंग आणि तबल्यावरचं हे काम. ढोलकीच्या शाईच्या पुडीलाही तेच तत्त्व लागू आहे. नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञानं आपल्या वाद्यकारागिरांच्या शहाणपणाला दिलेली ही दाद मला फार मोलाची वाटते. रेकॉर्डिंगपुरता याचा अर्थ असा, की ढोलकी गाण्याच्या पट्टीत चढवूनच माइकसमोर आणली पाहिजे. बेसूर ढोलकी मिक्सिंगमध्ये सुरात येत नाही. सॉफ्टवेअरनं सूर सरकवला की ठोक्याची धारही बोथट होते.

आता माइक. इथं इंटरनेटवरचे परदेशी धडे आपली दिशाभूल करतात, कारण ते ड्रमसेटसाठी लिहिलेले असतात. हलगीची मागची बाजू उघडी असते. टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, पडली की चामडं मागं जातं, पुढच्या हवेचा दाब उतरतो आणि त्याच क्षणी मागच्या हवेचा चढतो. कड्याच्या रेषेत, म्हणजे अगदी बाजूला, या दोन्ही लाटा एकदम पोचतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. खालचे स्वर तर तिथं जवळजवळ नाहीसेच होतात. कुणाला हलगी वाजवायला सांगा आणि त्याच्याभोवती एक फेरी मारा; माइक कुठं ठेवू नये ते कानच सांगतील. पुढून एक आणि मागून एक असे दोन माइक लावले, तर त्यांचे संकेत उलटसुलट येतात. त्यांपैकी एकाची पोलॅरिटी उलटवायचं बटण दाबलं नाही, तर मिक्समध्ये हलगी पत्र्यासारखी वाजते. ढोलकीच्या दोन तोंडांनाही हे लागू पडतं. डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत जाते आणि आतल्या हवेच्या दाबानं उजवी पुडी बाहेर येते. म्हणून दोन्ही माइक एकत्र ऐका, बटण दाबून पुन्हा ऐका आणि ज्यात घुमारा भरदार वाटेल ते ठेवा.

अंतराचा हिशेब सोपा आहे. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दोन माइकांच्या अंतरात 34 सेंटिमीटरचा फरक पडला, तर आवाज एका माइकवर मिलिसेकंदभर उशिरा पोचतो. दोन्ही संकेत सारख्या जोरानं मिसळले की 500 हर्ट्झच्या आसपासचा आवाज खच्ची होतो. म्हणूनच ब्रिटिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत ड्रमसेटमधल्या स्नेअर ड्रमपासून वरचे दोन माइक समान अंतरावर ठेवते. आपल्याला त्यासाठी एक सुतळी पुरते: चामड्याच्या मध्यापासून दोन्ही माइकांपर्यंत ताणून मोजायची. एकच माइक असेल तर दीड-दोन फुटांवरून सुरुवात करा. फार जवळ नेला तर चामड्याच्या एकाच ठिकाणाचा आवाज येतो आणि दिशा धरणाऱ्या माइकमध्ये बेस उगाच फुगतो.

खोली हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. दहा बाय दहाची खोली आणि वर दहा फुटांवर स्लॅब, ही तालवाद्यासाठी सर्वांत वाईट जागा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे 56 हर्ट्झची लाट उभी राहते, तिच्या पटीत 112, 168 अशा पुढच्या लाटा. लांबी, रुंदी, उंची सारखी असल्यामुळे त्या सगळ्या त्याच कंपनसंख्यांवर साचतात आणि हलगीच्या जोडीला वाजणाऱ्या घुमक्याचा एखादा ठोका गडगडतो, तर दुसरा विरून जातो. भिंतीला वाकळ टांगली की खोली शांत वाटते, पण वाकळ फक्त वरचे स्वर शोषते. 100 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर. दोन-तीन इंचांचं कापड तिला काय अडवणार? वाकळ भिंतीपासून वीतभर पुढं टांगली तर थोडा अधिक उपयोग होतो. त्याहून बरा जुन्या घराचा सोपा. उतरतं कौलारू छप्पर जमिनीला समांतर नसतं, खडबडीत जांभ्याची भिंत आवाज विखुरते. घरातली अशी जागा नावाजलेल्या बँडनंही वापरली आहे: लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या 1971 च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यातला प्रसिद्ध ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत जिन्याच्या तळाशी वाजवलेला आहे, माइक जिन्यात वर टांगलेले होते. सोप्याच्या कौलावर पाऊस वाजत असेल तर मात्र थांबावं. सरीचा आवाज काढून टाकणारं सॉफ्टवेअर कैताळाची, म्हणजे हलगीसोबतच्या झांजेची, झिलईही खरवडून नेतं.

एवढं जमलं की मिक्सिंगला फार काम उरत नाही. टिपऱ्याचा टोकदार ठोका पहिल्या काही मिलिसेकंदांत संपतो. कॉम्प्रेसरचा अटॅक 20 ते 30 मिलिसेकंद ठेवला तर तो सुटून जातो आणि फक्त मागची घूम आवरली जाते. ‘किक ड्रम’ची तयार सेटिंग हलगीला लावू नये. ती 60 हर्ट्झच्या आसपास आवाज वाढवते. तिथं हलगीचं फारसं काही नसतं. असते ती खोलीची घूम आणि विजेची 50 हर्ट्झची गुणगुण. रेकॉर्डिंग करताना सर्वांत मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. 24 बिटमध्ये खाली भरपूर जागा असते. वर फुटलेला ठोका मात्र दुरुस्त होत नाही.

कोल्हापूरच्या कुस्ती मैदानात, यात्रेत, लेझमीत वाजणारी हलगी बहुतेक वेळा मोबाइलवर, गर्दीतून, फुटक्या आवाजात टिपली जाते. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटमध्ये चार माइकांचं तासाभराचं रेकॉर्डिंग सुमारे 2 जीबी होतं, म्हणजे साध्या पेनड्राइव्हवरही ते मावतं. तुमच्या गावात हलगी-घुमकं-कैताळाचा जाणता ताफा असेल, तर येत्या उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना त्याला सोप्यात बोलवा, त्याची रीतसर बिदागी द्या, रेकॉर्ड करा, आणि वाजवणाऱ्यांची नावं, गाव, तारीख त्यांच्या संमतीनं फाइलसोबत लिहून ठेवा.