जिवाणूंची खाण आणि जोखमीचा हिशेब

तांबे म्हटले की भट्टी आणि धूर यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु भट्टीचे तोंडही न पाहता खनिजातून तांबे काढता येते. हे काम सूक्ष्म जिवाणू करतात. कोळशाच्या खाणींतून पाझरणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात त्यांचा वास असल्याचे अमेरिकेत १९४७ साली दाखविण्यात आले. लोहाचे ऑक्सिडीकरण करून ते जगतात. त्यातून निर्माण होणारे फेरिक लोह गंधकयुक्त खनिज फोडते व तांबे आम्लात विरघळते. पुढे विजेच्या साहाय्याने ते वेगळे करतात. भट्टीत घालणे परवडत नाही असे हलके खनिजही यामुळे उपयोगी पडते. भारतातील तांब्याचे खनिज सामान्यतः हलक्याच प्रतीचे असल्याने या पद्धतीचे महत्त्व आपल्यालाही आहे.

दोष एकच : ही क्रिया अत्यंत मंद आहे. ढिगाऱ्यातून धातू उतरण्यास महिने, प्रसंगी वर्षे लागतात आणि तोवर भांडवल अडकून पडते. म्हणूनच जनुकीय बदल करून अधिक चपळ आणि आर्सेनिकसारखी विषे पचविणारे जिवाणू घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत. मात्र बंद टाकी वेगळी आणि उघडा ढिगारा वेगळा. पावसाच्या पाण्याबरोबर निसटलेला जिवाणू परत बोलावता येत नाही.

येथे दोन प्रश्न उद्भवतात. पहिला मालकीचा. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडविलेल्या जिवाणूवर एकस्व मिळू शकते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. दुसरा प्रश्न नुकसानीचा. फिनलंडमधील ताल्विवारा येथे निसर्गातील जिवाणूंच्याच साहाय्याने निकेल काढले जाई. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथील सांडपाण्याचा तलाव फुटून धातुमिश्रित पाणी बाहेर पडले. दोष जिवाणूंचा नव्हता. पण २०१४ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि पुढल्या वर्षी खाण सरकारी कंपनीच्या गळ्यात पडली.

नफा एकस्वधारकाचा आणि तोटा करदात्याचा, हा व्यवहार अर्थशास्त्रात बसत नाही. अशा जिवाणूंच्या हाताळणीसाठी भारतात १९८९ पासून नियम आहेत. परंतु परवानगीच्या कागदाने दूषित विहीर शुद्ध होत नाही. तेव्हा खाण सुरू होण्यापूर्वीच शुद्धीकरणाच्या संपूर्ण खर्चाइतकी अनामत रक्कम घेतली जावी. ती भरण्यास जो उद्योग कचरेल, त्याचा स्वतःच्याच तंत्रावर विश्वास नाही असे समजावे.