मुंबई हायची उतरती कळा आणि उरणचा हिशेब

इंधनाचा हिशेब : लेखांक सातवा

तेल नेमकं कधी संपणार, हा प्रश्न या लेखमालेत आज ना उद्या येणारच होता. त्याचं उत्तर शोधायला सौदीच्या वाळवंटात जायची गरज नाही. पनवेलहून उरणकडे निघालं की कंटेनर घेऊन उभ्या असलेल्या ट्रेलरच्या रांगा संपता संपता द्रोणागिरी नोड लागतो. भराव टाकून केलेली जमीन, सिडकोचे रुंद रस्ते, अर्धे भरलेले आणि अर्धे रिकामे टॉवर, मधेच शिल्लक राहिलेलं एखादं खाजण. नोडला ज्याचं नाव दिलं तो डोंगर मात्र पलीकडे, करंजाच्या अंगाला आहे. संजीवनीसाठी मारुतीने उचललेल्या द्रोणागिरीचा एक तुकडा इथे गळून पडला, अशी आख्यायिका. वर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथून खाली नजर टाकली की एका बाजूला करंजाची खाडी, दुसऱ्या बाजूला बंदराच्या क्रेन आणि पायथ्याशी ओएनजीसीचा उरण प्रकल्प दिसतो. मुंबई हायमधलं तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून येतात ते इथेच. भारतातलं तेल कसं उतरत गेलं, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

थोडं मागे जाऊ. 1960 च्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने खंबायतच्या आखातात आणि आपल्या किनाऱ्यासमोर भूकंपलहरींचं सर्वेक्षण केलं. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, जिथे पाणी जेमतेम 75 मीटर खोल आहे, तिथे समुद्रतळाखाली खडकाचा एक प्रचंड उंचवटा सापडला. ‘बॉम्बे हाय’मधला ‘हाय’ तो हा उंचवटा. ओएनजीसीने जपानमध्ये बांधून घेतलेलं ‘सागर सम्राट’ हे खोदकामाचं जहाज तिथे पाय रोवून उभं राहिलं आणि फेब्रुवारी 1974 मध्ये तेल लागलं. मुहूर्त असा की जेमतेम काही महिन्यांपूर्वी, 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, अरब देशांनी तेलाचे भाव जवळपास चौपट केले होते. 21 मे 1976 पासून उत्पादन सुरू झालं. जुनी एक रुपयाची नोट घरात असेल तर ती उलटून बघा. मागच्या बाजूला ‘सागर सम्राट’ आहे. सरकारला या शोधाचं किती अप्रूप होतं, ते त्या नोटेवरून कळतं.

आता ‘संपणं’ म्हणजे काय ते पाहू. जमिनीखाली तेलाचा तलाव असतो आणि नळी घालून तो उपसायचा, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. तसं काही नसतं. मुंबई हायचं तेल चुनखडीच्या खडकात आहे, समुद्रतळाखाली हजार-दीड हजार मीटर. हा खडक सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचला. त्याच्या बारीक छिद्रांत तेल, वायू आणि खारं पाणी एकमेकांना खेटून प्रचंड दाबाखाली असतात. तेलात वायू विरघळलेला असतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की जे होतं, तेच विहीर खणल्यावर होतं: दाब सुटतो, वायू फसफसतो आणि तेलाला सोबत घेऊन वर येतो. सुरुवातीची वर्षं म्हणून सोन्याची. पंप लागत नाही, खर्च कमी, तेल आपलं आपण येतं.

पण दाब उतरत जातो. मग खेळ महाग होतो. समुद्राचं पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून टाकून खडकात सोडावं लागतं, म्हणजे ते तेलाला विहिरीकडे रेटतं. प्राणवायू काढायचा तो नळ गंजू नयेत आणि आत जिवाणूंची वाढ होऊ नये म्हणून. मुंबई हायमध्ये हे काम 1984 मध्ये सुरू झालं. शिवाय विहिरीतल्या तेलाच्या स्तंभात वायू सोडून तो हलका करायचा, म्हणजे तो वर चढतो. जुन्या विहिरींच्या मधल्या मोकळ्या जागेत नव्या, आडव्या जाणाऱ्या विहिरी खणायच्या. आणि मग एक वेळ अशी येते की आत सोडलेलं पाणीच विहिरीतून परत यायला लागतं. तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचं प्रमाण वर्षागणिक वाढतं. तेच पाणी वर आणायचं, तेलापासून वेगळं करायचं, स्वच्छ करायचं, पुन्हा आत सोडायचं. एका पिंपामागचा खर्च चढत जातो.

म्हणून तेलक्षेत्र कोरडं पडत नाही, परवडेनासं होतं. जगभरातल्या तेलक्षेत्रांमधून सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच तेल बाहेर निघतं. उरलेलं खडकातच राहतं. 1980 च्या दशकात देशाची गरज भागवण्याच्या घाईत मुंबई हाय जरा जास्तच ताणलं गेलं, अशी टीका नंतर झाली. मला ती रास्त वाटते. पण परकीय चलनाची तेव्हाची ओढाताण आठवली की त्या वेळच्या माणसांना दोष देणंही सोपं नाही.

आकडे पाहा. 1985 च्या सुमारास मुंबई हायमधून दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास तेल निघत होतं. आज ते 1.3 लाखाच्या घरात आहे. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक मदतनीस म्हणून दहा वर्षांसाठी नेमलं. या काळात तेलाचं उत्पादन 44 टक्के आणि वायूचं 89 टक्के वाढवता येईल, असा बीपीचा अंदाज आहे. वाढलं तर आनंदच. पण 1.3 लाखावर 44 टक्के धरले तरी पावणेदोन-दोन लाखांच्या मधेच कुठेतरी पोचतो. पावणेपाच लाख पुन्हा दिसणार नाहीत.

त्याहून बोलका आकडा देशाचा आहे. 1984-85 मध्ये भारतात सुमारे 2.9 कोटी टन कच्चं तेल निघालं. 2023-24 मध्येही सुमारे 2.9 कोटी टनच. राजस्थानातलं बाडमेर सापडलं, नवी क्षेत्रं आली, तंत्र सुधारलं आणि चाळीस वर्षांनी आपण त्याच आकड्यावर. फरक मागणीत पडला. 1984-85 मध्ये देशाचा पेट्रोलियम पदार्थांचा खप चार कोटी टनांच्या आत होता, 2023-24 मध्ये तो 23 कोटी टनांच्या वर गेला. आज आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे 88 टक्के बाहेरून आणतो. तेव्हा तेल संपेल तेव्हा काय, ही चिंता आपल्यासाठी उशिराची आहे. आपलं तेल आपल्याला चाळीस वर्षांपूर्वीही पुरत नव्हतं.

‘जगात आता पन्नास वर्षांचं तेल उरलंय’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ज्ञात साठे भागिले वर्षाचा वापर, इतकंच ते गणित आहे. 1980 च्या सुमारास हेच गणित तीस वर्षं सांगत होतं. त्या हिशेबाने तेल 2010 लाच संपायला हवं होतं. भाव वाढले की काल न परवडणारं तेल आज ‘साठा’ म्हणून मोजलं जातं, नवी क्षेत्रं सापडतात, तंत्र बदलतं. अमेरिकी भूवैज्ञानिक किंग हबर्ट यांनी 1956 मध्ये अमेरिकेचं उत्पादन 1970 च्या आसपास शिखर गाठेल असं सांगितलं होतं, आणि ते खरं ठरलं. पुढे शेल खडकातून तेल काढायचं तंत्र आलं आणि 2018 मध्ये अमेरिकेने ते शिखरही ओलांडलं. शेवटच्या पिंपाची तारीख सांगणाऱ्यावर म्हणून माझा विश्वास नाही. तसंच तंत्रज्ञान सगळं निभावून नेईल असं सांगणाऱ्यावरही नाही, कारण ते तंत्रज्ञान फुकट येत नाही आणि जळलेल्या प्रत्येक पिंपाचा धूर हवेतच जातो. तेल शिल्लक असतानाच ते सोडावं लागणार आहे, आणि अवघड आहे ते हेच.

उरणमध्ये ही घसरण कशी दिसते? पेट्रोल पंपावर ‘संपलं’ अशी पाटी लागत नाही. ती दिसते बोकडविऱ्याला. तिथलं महानिर्मितीचं वायू विद्युत केंद्र 672 मेगावॉटचं आहे. मुंबई हायच्या वायूच्या भरवशावर ते उभारलं गेलं. वायूवरचे चार टर्बाइन आणि त्यांच्या गरम धुराच्या वाफेवर चालणारे आणखी दोन संच, अशी उत्तम रचना. कोळशाच्या केंद्रापेक्षा ते कितीतरी स्वच्छ. पण वर्षानुवर्षं ते क्षमतेपेक्षा फार कमी चालतं, कारण पुरेसा वायूच मिळत नाही. देशी, स्वस्त वायूच्या वाटपात घरगुती नळाचा गॅस आणि वाहनांचा सीएनजी यांना पहिला मान, मग खतं वगैरे, विजेचा नंबर त्यामागून. पनवेल स्टेशनबाहेरची सीएनजी रिक्षा आणि बोकडविऱ्याचं टर्बाइन एकाच आटत्या झऱ्यावर आहेत, आणि टर्बाइन हरतं. आयात केलेला द्रवरूप वायू जाळून वीज करायची तर ती वीज महाग पडते आणि कुणी घेत नाही.

प्रकल्पाच्या आत नेमकं काय होतं, तेही सांगायला हवं, कारण ‘तेल म्हणजे पेट्रोल-डिझेल’ या समजाने पुढची सगळी चर्चा फसते. समुद्रातून आलेल्या कच्च्या तेलातला विरघळलेला वायू आणि पाणी इथे वेगळं करतात आणि तेल पलीकडे ट्रॉम्बेच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जातं. वायूमधला हायड्रोजन सल्फाइड काढून टाकतात. मग त्यातून स्वयंपाकाचा एलपीजी, नॅफ्था आणि इथेन-प्रोपेन असं एकेक बाजूला काढतात. इथेन-प्रोपेन नागोठण्याला जातं, त्याचं प्लास्टिक होतं. उरलेला वायू थळला आरसीएफच्या खत कारखान्यात गेला की त्याचा युरिया होतो. म्हणजे या एका तालुक्यातून निघालेल्या नळांना सिलिंडर, प्लास्टिकची बादली, भातशेतीचं खत आणि रिक्षा असं सगळं जोडलेलं आहे. उद्या सगळ्या मोटारी विजेवर धावल्या तरी बादली आणि युरिया राहतोच. एलपीजीचंही तेच. देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आज बाहेरून येतो, तोही मुख्यतः आखातातून.

बदल सुरू झालेला नाही असं नाही. जेएनपीए बंदरात 2025 मध्ये बॅटरी बदलता येणारे विजेवरचे अवजड ट्रक आले. त्याच वर्षी अटल सेतूवर विजेच्या चारचाकींना आणि बसना टोल माफ झाला. समोरच्या घारापुरी बेटावर 2018 पर्यंत संध्याकाळचे काही तास डिझेल जनरेटर चालायचा. आता समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल गेली आहे. पण इथे एक पथ्य पाळायला हवं. देशातली निम्मी वीजक्षमता आता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, ही 2025 मधली बातमी खरी आहे. क्षमता म्हणजे प्रत्यक्ष निर्माण झालेली वीज नव्हे. प्रत्यक्ष युनिट मोजले तर कोळसा अजून बराच पुढे आहे. बंदरातला विजेचा ट्रक धूर सोडत नाही, त्याच्या वाटचा धूर चंद्रपूर-कोराडीला निघतो. तो ट्रक चांगलाच आहे, फक्त काम अर्धं झालंय.

आणि करंजाचा तांडेल? त्याच्या बोटीला आजघडीला डिझेलवाचून पर्याय नाही. पाच-सहा दिवस खोल समुद्रात राहून बर्फात मासळी टिकवून आणायची तर तेवढ्या ताकदीची बॅटरी परवडत नाही. कोळीवाड्यात ऊर्जाधोरण म्हणजे सरकारकडे थकलेला डिझेल परतावा. गंमत अशी की मासे तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या पायांभोवती जमतात आणि तिथे पाचशे मीटरच्या आत जायला बोटींना बंदी.

या तालुक्याने तेलासाठी किंमत मोजली आहे. 3 सप्टेंबर 2019 ला उरण प्रकल्पात आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. जानेवारी 2011 मध्ये मुंबई-उरण नळातून तेल गळलं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 2010 मध्ये, ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं बंदराच्या तोंडाशी आदळली आणि जहाजातलं इंधनतेल खारफुटीत शिरलं. समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी मात्र महाराष्ट्राला मिळत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम 297 प्रमाणे समुद्राखालची खनिजं केंद्राची. जमिनीचं तर सर्वांना माहीत आहे. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी उठले, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के विकसित करून परत देण्याचं तत्त्व आलं. द्रोणागिरीतले कितीतरी भूखंड त्याच साडेबारा टक्क्यांतले.

म्हणून मला पुढच्या पन्नास वर्षांपेक्षा पुढच्या वीस वर्षांची काळजी जास्त वाटते. समुद्रातले जुने प्लॅटफॉर्म कधीतरी उतरवावे लागणार. ताप्ती वायुक्षेत्रात तसं काम झालंही आहे, आणि अशा कामासाठी कंपन्यांनी पैसे बाजूला ठेवायची ‘साइट रिस्टोरेशन फंड’ नावाची तजवीज 1999 पासून आहे. म्हणजे समुद्रातल्या लोखंडाचा विचार झालाय. किनाऱ्यावर नळ, टाक्या, एवढी जमीन, कंत्राटी कामगार आणि त्यांच्यावर चाललेली उरणची बाजारपेठ आहे. वायू आणखी घटला तर त्यांचं काय, याची चर्चा मी तरी उरणच्या कुठल्या जाहीर सभेत ऐकलेली नाही. बीपीमुळे मुंबई हायला जी काही वर्षं वाढवून मिळतील ती यासाठी वापरता येतील. बोकडविऱ्याला वीजजाळ्याची जोडणी तयार आहे, तिथे मोठ्या बॅटऱ्यांचा साठा उभा राहू शकतो का, हे तपासायला काय हरकत आहे? उरण नगरपरिषद आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी ओएनजीसी आणि महानिर्मितीकडे पुढच्या वीस वर्षांचा लेखी आराखडा मागावा. 1984 मध्ये जमीन गेल्यावर भांडावं लागलं. या वेळी आधी विचारता येईल.

पुढील लेखांक : थळचा युरिया आणि वायूशिवाय खत.