रोजचं रांधणं – ७ : वाल भिजत घातलेत ना?

गेल्या आठवड्यातला मऊ भात आणि मेतकूट अर्ध्या तासात ताटात येतं. आजच्या पदार्थाला दीड-दोन दिवस लागतात, आणि तरीही मी त्याला सोप्या जेवणातच धरते. कडवे वाल. ठाण्यातल्या कायस्थांच्या घरी त्यांचं नारळाच्या दुधातलं बिरडं होतं, डोंबिवलीतल्या ब्राह्मणी स्वयंपाकघरात गूळ-आमसूल घातलेली डाळिंब्यांची उसळ, आणि घाईच्या दिवशी दोन्हीकडे खिचडी.

हिशेब असा. रविवारी रात्री झोपण्यापूर्वी वाल भिजत घालायचे. सोमवारी सकाळी लोकलला निघता निघता ते उपसून ओल्या फडक्यात बांधायचे. मंगळवारी संध्याकाळी घरी परत येईपर्यंत मोड तयार. मधला सगळा वेळ वाल आपलं काम आपण करतात आणि आपण ठाण्याहून दादरला उभ्याने जात असतो. पाककृतींच्या पुस्तकांत ‘झटपट’ म्हणून ज्या भाज्या सांगतात, त्या खऱ्या अर्थाने वीस मिनिटांच्या असतात. पण ती वीस मिनिटं गॅससमोर उभं राहून द्यावी लागतात, आणि तीही रात्री साडेआठला, खांद्यावरची पर्स उतरते न उतरते तोच. कल्याण-डोंबिवलीकडच्या माणसाला वेळ नसतो तो नेमका तेव्हा. म्हणून माझ्या लेखी सोपा पदार्थ तो, ज्याचा बराचसा वेळ आपल्या गैरहजेरीत निघून जातो.

वाल हे मुळात आपल्याच मातीतलं पीक. ठाणे-रायगडच्या खाचरांतलं भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते, तेवढ्यावर वाल पेरतात. बहुतेक ठिकाणी वेगळं पाणी द्यावं लागत नाही. थंडीत हिरव्या शेंगा येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी दाणे वाळतात. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात, म्हणजे पुढच्या भातालाही त्याचा उपयोग. वाळलेले वाल मग पावसाळ्यात बाहेर निघतात. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद, पालेभाजी चिखलाने भरलेली आणि महाग, पाठोपाठ श्रावण. शंभर ग्रॅम कोरड्या वालांत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. सोमवारचा उपास सोडायला अनेक घरांत बिरडं लागतंच, त्यामागे चवीइतकाच हा व्यवहारही असणार.

विकत घेताना दाणा नीट बघा. कडवा वाल लहान, तपकिरी झाक असलेला, आणि एका कडेला पांढरी, उठावदार शिवण असलेला. मोठा, पांढरट दिसतो तो गोडा वाल. त्याचंही चांगलं होतं, पण ती किंचित कडसर चव त्याला नाही. गेल्या वर्षीचा माल दुकानदार सहसा आपणहून सांगत नाही. तोही विचारून घ्या, कारण पुढे शिजताना त्याचा संबंध येणार आहे.

आता मोड. बी भिजली की जिवंत होते आणि श्वास घेऊ लागते. तिला पाणी हवं तशी हवाही हवी. रात्रभर म्हणजे आठ-दहा तास भिजवणं पुरे. त्याहून जास्त वेळ पाण्यात बुडून राहिले तर वाल गुदमरतात, पाण्याला फेस आणि आंबूस वास येतो. उपसल्यावर चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मगच बांधा. फडक्याच्या तळाशी पाणी साचलं की तिथले दाणे बुळबुळीत झालेच म्हणून समजा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत फडकं सुकत नाही, त्यामुळे पुन्हा पाणी शिंपडायची गरज पडत नाही. उलट चाळणीतच बांधून ठेवलेलं बरं. मोड येताना वालातली ती विशिष्ट साखर, जी आपल्याला पचत नाही आणि आतड्यातले जीवाणू खाऊन पोट फुगवतात, बरीच कमी होते. भिजवलेलं पाणी मात्र फेकूनच द्या. कच्च्या वालात सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात, शिवाय प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटकही असतात. भिजवणं, पाणी टाकणं आणि नीट शिजवणं यांनी त्यांचा बंदोबस्त होतो. मुगासारखे वालाचे मोड कच्चे कोशिंबिरीत घालायचा उत्साह कुणाला आलाच, तर तो आवरावा.

खरी मेहनत एकच, सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं टाकायचे. हाताला सोसेल इतकंच कोमट. फार गरम झालं तर साल दाण्याला चिकटते. मग एक-एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून मोडाच्या विरुद्ध बाजूने दाबायचा. साल बोटांत राहते आणि डाळिंबी निसटून पातेल्यात पडते, हस्तिदंती रंगाची, दोन्ही दलं अजून जोडलेली, टोकाला बाकदार मोड. चार लोकांच्या उसळीला टीव्हीवरच्या एका मालिकेएवढा वेळ पुरतो, आणि घरातल्या कुणालाही हे काम देता येतं. वालाचा कडवटपणा मुख्यतः त्या सालीतच असतो, म्हणून हा खटाटोप. साल ठेवूनही उसळ होते, पण तुरट आणि जाड लागते.

हेही जमत नसेल तर ठाण्याला जांभळी नाक्यावर किंवा डोंबिवली स्टेशनलगतच्या बाजारात सोललेल्या डाळिंब्यांच्या पिशव्या मिळतात. त्या विकत घेण्यात कमीपणा वाटून घेणाऱ्या बायका अजून आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही. पोळी-भाजी केंद्रांवर अर्धी डोंबिवली जेवते, मग डाळिंब्यांनीच काय घोडं मारलंय? फक्त पिशवी उघडून वास घ्या. पाण्यात राहिलेल्या डाळिंब्या संध्याकाळपर्यंत आंबतात. चांगल्या असतील तर जास्तीच्या घेऊन कोरड्या करून फ्रीजरमध्ये टाकाव्यात. गोठलेल्याच फोडणीत घालता येतात.

शिजवताना दोनच पथ्यं, पण ती कडक. पहिलं म्हणजे आंबट शेवटी. डाळिंबी मऊ होते ती तिच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळल्यामुळे. आमसूल किंवा चिंच आधी पडली की आम्लामुळे ते विरघळायला तयार होत नाही आणि दाणा तासभर शिजूनही दाताखाली कचकचतो. गुळाचंही थोडंफार तसंच, त्यात कॅल्शियम असतं. मिठाला मात्र उगाच बदनाम केलं आहे. ते आधी घातलं म्हणून काही बिघडत नाही. दुसरं पथ्य, डाव घालून ढवळायचं नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून हासडायचं, नाहीतर दलं सुटतात आणि उसळीचं पिठलं होतं. कुकर त्याच कारणाने नको. त्याऐवजी झाकणात पाणी ठेवायची आपली जुनी पद्धत घ्या. झाकण थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंबाथेंबाने खाली पडते आणि थोड्याच पाण्यात डाळिंबी वाफेवर शिजते. पाणी कमी वाटलं तर वरचं, एव्हाना गरम झालेलं पाणीच आत ओतायचं. उकळी मोडत नाही.

एवढं करूनही उन्हाळ्यात कधी कधी वाल शिजतच नाहीत, आणि दोष मग गॅसला नाहीतर सुनेला लागतो. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत किंवा कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांत जिथे टँकर येतात, तिथे आधी पाणी तपासा. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. जुना माल हट्टी असतो तोही अशाच कारणाने: उष्ण, दमट हवेत महिनोन्‌महिने पडलेल्या दाण्यात हेच क्षार आतल्या आत मोकळे होतात. काही दाणे तर भिजवूनही टम्म फुगत नाहीत. हे गणंग निवडून काढा, ते कधीच शिजणार नाहीत. चिमूटभर सोड्याने बाकीचे मऊ होतात खरे, पण ब-१ जीवनसत्त्व जातं आणि डाळिंबीला साबणासारखी चव येते. त्यापेक्षा भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं, फिल्टरचं पाणी वापरलं की झालं.

बिरडं की उसळ या वादात मी पडत नाही, पण माझा कल सांगते. डाळिंब्यांच्या उसळीत मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, कढीपत्ता, गोडा मसाला, गूळ, आमसूल आणि वरून ओलं खोबरं. कांदा-लसूण नाही, त्यामुळे वालाची स्वतःची चव पुढे राहते. बिरड्यात लसूण-जिरं-मिरची-खोबऱ्याचं वाटण आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळून उकळायचं नाही, नाहीतर ते फाटतं. श्रावण संपला की त्याच बिरड्यात कोलंबी पडते. पोळीबरोबर उसळ, भाताबरोबर बिरडं, एवढ्यावर मी भांडण मिटवते.

आठवड्याच्या मधल्या रात्री मात्र खिचडीच. एक वाटी आंबेमोहोर किंवा कोणताही जुना तांदूळ धुऊन निथळत ठेवा. फोडणीत एक वाटी डाळिंब्या परता, मग तांदूळ, एक चमचा गोडा मसाला, तिखट, मीठ, गुळाचा लहान खडा. दोन-अडीच वाट्या उकळतं पाणी, झाकण, मंद आच. इथे गूळ आधी चालतो, कारण तो अगदी थोडा असतो, आणि डाळिंबी अख्खी राहायला मदतच करतो. तांदूळ शिजेल तोवर पापड भाजायचे आणि ताक घुसळायचं. वाढताना तूप आणि ओलं खोबरं सढळ हाताने. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं रूढ केली, त्याचा फायदा अशा वेळी कळतो: तांदूळ आणि डाळिंबी एकाच वाटीने मापली की बाकी काही लक्षात ठेवावं लागत नाही.

थंडीत हाच वाल पुन्हा भेटेल, हिरव्या शेंगेत. रायगडात त्याची पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा, हवी तर अंडी किंवा कोंबडी, तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब न घालता शेंगा स्वतःच्या आणि पाल्याच्या ओलीवर शिजतात. फ्लॅटच्या गॅसवर ती कशी करता येईल, त्याचा भाग डिसेंबरात.

पुढच्या आठवड्यात अळू. त्याचं फदफदं खाताना घसा का खवखवतो, आणि चिंच घातल्यावर का थांबतो.