पाणी किती खोल आहे? चेन्नईच्या किनाऱ्यावरची पक्षी-सहल

आजचा विषय सहलीचा आहे. दिवाळीची सुट्टी, चेन्नईचा किनारा, सोबत जाणकार मार्गदर्शक आणि उत्तरेकडून आलेले हजारो पाहुणे पक्षी. बेत झकास आहे. पण तिकिटं काढण्याआधी एक गोष्ट समजून घेऊया. ती कळली नाही, तर तीन दिवस भिजून नुसते कावळे आणि बगळे बघून परत यायची वेळ येते.

मुंबईच्या पक्षीमित्रांना एक सवय असते. शिवडीला किंवा ऐरोलीला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जायचं तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं. तिथे मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्षी जेवायला बसतात.

हे गणित चेन्नईत चालत नाही. बंगालच्या उपसागराच्या या भागात मोठ्या भरतीचा फरकही साधारण एक मीटरच असतो. त्यातून नद्या आणि खाड्यांच्या मुखाशी लाटा वाळूचा बांध घालतात. अड्यार नदीचं मुख असंच वाळूने भरत जातं. मग आतल्या पाण्याची पातळी ठरवतो कोण? मुख्यतः पाऊस. म्हणून इथे मार्गदर्शकाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: “सध्या पाणी किती खोल आहे?”

याचं कारण पक्ष्याच्या पायांत आहे. छोटा टिलवा हा चिमणीएवढा पक्षी. वजन 20-30 ग्रॅम. रशियाच्या उत्तर टोकाकडच्या टुंड्रातून तो आपल्याकडे येतो. त्याला लागतो ओला चिखल, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर पाणी. शेकाट्याचे पाय काडीसारखे लांब, तो वीतभर पाण्यात सहज चालतो. रोहित गुडघाभर पाण्यात चरतो. थापट्या, तलवार बदक यांना मात्र पोहायला मोकळं पाणी हवं. म्हणजे एकाच तळ्यात पाणी हातभर वाढलं, की सगळी पाहुणेमंडळी बदलते.

आता चेन्नईचं पावसाचं वेळापत्रक बघा. आपल्याकडे पाऊस परततो तेव्हा तिथे खरा पाऊस सुरू होतो. ईशान्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आणि डिसेंबरपर्यंत राहतो. वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस याच तीन महिन्यांत पडतो. चिखलात चरणारे पक्षी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच उतरू लागलेले असतात. म्हणून तुतारी, चिखल्या, टिलवे बघायचे असतील तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ चांगला. बदकं आणि रोहितांचे मोठे थवे हवे असतील तर पाऊस ओसरल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जा. दिवाळी बहुधा या दोन्हींच्या मध्ये सापडते. त्या वेळी जायचंच असेल, तर जागा आदल्या रात्रीच्या पावसावरून ठरवण्याची मोकळीक हवी. छापील कार्यक्रमाला चिकटून राहणारी सहल इथे फसते.

जागा तीन. शहराच्या दक्षिणेला पळ्ळिकरणैची दलदल. रस्त्याच्या कडेवरून, मागे आयटी कंपन्यांच्या इमारती असताना, इथे पाणपक्षी दिसतात. ऊन चढण्याआधी पोहोचा. दुसऱ्या दिवशी मुट्टुकाडू आणि केळंबाक्कमचं खाजण. हा पट्टा उथळ, म्हणून चिखलातल्या पक्ष्यांसाठी सोयीचा. तिसऱ्या दिवशी उत्तरेला पन्नास-साठ किलोमीटरवर पुलिकत सरोवर, तमिळमध्ये पळवेर्काडु. चिलिकाखालोखाल हे देशातलं सर्वांत मोठं खाऱ्या-मचूळ पाण्याचं सरोवर. त्याचा बराचसा भाग आंध्रात आहे आणि समुद्र व सरोवर यांच्यामध्ये श्रीहरिकोटा. इथे मच्छीमारांच्या होडीतून रोहित बघता येतात.

आणि इथेच मार्गदर्शकाची खरी परीक्षा होते. थवा उडताना फोटो छान येतो. म्हणून होडी थेट थव्यात घालायला सांगणारे पर्यटक असतात आणि ऐकणारे मार्गदर्शकही. त्या एका फोटोची किंमत काय, ते बघा. ऑक्टोबर 2022 मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक गॉडविट अलास्काहून टास्मानियाला न थांबता उडत गेला. 11 दिवस, 13,560 किलोमीटर. हा मार्ग पॅसिफिकवरचा. आपल्याकडचे पक्षी मध्य आशियाई मार्गाने, बहुतेक टप्प्याटप्प्याने येतात. पण शरीराचं अर्थशास्त्र तेच. असे लांब पल्ल्याचे पक्षी निघण्याआधी चरबी साठवतात, उडताना ती जाळतात. काहींची आतडी आणि जठर प्रवासापूर्वी आकसतात, उतरल्यावर पुन्हा वाढवावी लागतात. अशा थकलेल्या पक्ष्याला वारंवार उडवणं म्हणजे भुकेल्या वाटसरूला पंगतीतून उठवणं.

पक्षी आधी इशारा देतो. चरणं थांबवतो, मान उंच करतो, मग चालत दूर सरकतो. मान उंच झाली, की आपण थांबायचं. चांगला मार्गदर्शक त्याच क्षणी होडी थांबवतो आणि तिवईवरच्या दुर्बिणीतून पक्षी दाखवतो. सहल ठरवतानाच त्याला विचारा: गटात माणसं किती, मोठी दुर्बीण आहे का, थवा उडवणार नाही ना?

शेवटी एक मुद्दा, तो आपल्या गावालाही लागू आहे. पळ्ळिकरणै 2022 मध्ये रामसर यादीत आली. त्या यादीतलं क्षेत्र सुमारे 1,248 हेक्टर. मूळची दलदल याच्या कितीतरी पट मोठी होती. बाकीची भराव, इमारती, रस्ते आणि कचऱ्याच्या डेपोखाली गेली. पावसाचं पाणी जिरवणारी जागा कमी झाली, की पाणी घरात शिरतं. डिसेंबर 2015 च्या पुरात चेन्नईने ते भोगलं.

पण भराव न घालताही पाणथळ जागा पक्ष्यांसाठी संपवता येते. सुशोभीकरण म्हणून तळं सरसकट खोल खणायचं, काठाला दगडी भिंत बांधायची, भोवती फरसबंद वाट करायची. पाणी वर्षभर दिसतं, लोक खूश होतात. पण चिखलाचा उतार गेलेला असतो. टिलव्याला उभं राहायला दोन बोटं पाणी कुठेच उरत नाही.

तेव्हा तुमच्या गावच्या तळ्याचा आराखडा लोकांपुढे आला, तर सभेत हाच प्रश्न विचारा: काठाला पाणी किती खोल ठेवणार आहात?