बोटांचा हिशेब लागतो, भीतीचा नाही

अंगठा गेला तर ३०. तर्जनी मुळापासून गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. कमाईची क्षमता किती टक्के घटली ते सांगणारा हा तक्ता ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, कायद्याच्या परिशिष्टात आहे. त्यात पेरांचाही हिशेब आहे : तर्जनीचं एक पेर गेलं तर ९, दोन गेली तर ११.

हा तक्ता गुरुग्रामजवळच्या मानेसरमध्ये सतत उघडावा लागतो. जयपूर महामार्गालगतच्या या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था इथल्या जखमी कामगारांना ईएसआयचा हक्क मिळवून देते आणि २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. बहुतेक जखमी बाहेरच्या राज्यांतून आलेले, कंत्राटी आणि पॉवर प्रेसवर हात चिरडलेले. अनेकांच्या हातात ईएसआयचं कार्ड पडतं तेच मुळी अपघातानंतर.

प्रेसचं काम दिसायला सोपं. पत्रा डायवर ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं. रॅम धाडकन खाली येतो, पत्र्याला आकार मिळतो, की पुढचा पत्रा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय न चालणारी प्रेस मिळते, हात आत असला की थांबवणारा सेन्सरही मिळतो. पण त्याने उत्पादन मंदावतं. त्यातून देखभाल नसेल, तर पेडल न दाबताच रॅम पुन्हा खाली येतो. याला ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात.

मनाच्या दृष्टीने हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्याच पायाने पेडल दाबलं गेलं असेल, तर माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. त्यात सुपरवायझर ‘लक्ष कुठे होतं?’ विचारून मोकळा होतो. डबल स्ट्रोकमध्ये वेगळंच घडतं : आपण काहीच केलं नाही, तरी यंत्र अंगावर आलं. मग भरवसा कुठल्या यंत्रावर ठेवायचा?

पहिले काही दिवस झोप उडणं, धडकी भरणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही तोच क्षण डोळ्यांसमोर येत राहिला, मोठ्या आवाजाला अंग दचकलं, कारखान्याचा रस्ताच टाळावासा वाटला, माणसं नकोशी झाली, तर मानसोपचारतज्ज्ञ त्याला ‘पीटीएसडी’ म्हणतात. तो होण्यासाठी बोट तुटलंच पाहिजे असं नाही. शेजारच्या मशीनवरून सगळं पाहिलेल्यालाही होतो, आणि त्याच्या नावावर तर अपघाताची नोंदसुद्धा नसते.

नॉर्वेतल्या एका रंगाच्या कारखान्यात १९७६ मध्ये स्फोट झाला. लार्स वाइसेथ या मानसोपचारतज्ज्ञाने तिथल्या कामगारांचा पाठपुरावा केला. सुरुवातीला मुलाखत द्यायला जे टाळाटाळ करत होते, त्यांच्यातच त्रास जास्त तीव्र निघाला. टाळणं हेच या आजाराचं लक्षण. तेव्हा दवाखान्याबाहेर समुपदेशकाची पाटी लावून ‘कोणी येतच नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. नेमका ज्याला गरज आहे तोच येणार नाही. मानेसरमध्ये तर तो बिहारला किंवा उत्तर प्रदेशात गावी निघून गेलेला असतो, आणि ठेकेदाराच्या वहीत त्याच्या जागी दुसरं नाव चढलेलं असतं.

महाराष्ट्रात आपणही हे अनुभवलेलं आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०१६ मध्ये स्फोट झाला, २०२४ मध्ये पुन्हा झाला. चर्चा झाली ती मृतांच्या आकड्याची, फुटलेल्या काचांची आणि कारखाने हलवण्याची. वाचलेले कामगार पुन्हा बॉयलरजवळ कसे उभे राहिले, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

उपचार नाहीत असं नाही. आघातावर केंद्रित बोलण्याच्या उपचारपद्धतींनी गुण येतो. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून ‘काय झालं ते सांगा’ म्हणणं मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यात बसत नाही. आधी सुरक्षितता, विचारपूस आणि गरजेच्या मदतीशी गाठ घालून देणं. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे; तिथे हिंदीत बोलता येतं तसं मराठीतही. अडतं ते कागदावर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्येच पीटीएसडीला व्यावसायिक आजारांच्या यादीत घातलं. आपल्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या परिशिष्टात शिसं आहे, पारा आहे, धुळीने होणारे फुप्फुसाचे विकार आहेत; पीटीएसडी नाही. त्यामुळे प्रेसचा आवाज ऐकून हात थरथरणारा कामगार मेडिकल बोर्डासमोर गेला, तरी बोर्ड त्याची पेरंच मोजणार.